सून जेवायला घालत नाही

दुपारचे दोन वाजलेत. ओट्यावर बसलेल्या आजी समोरून जाणाऱ्या शेजारणीला हाक मारतात आणि आवाज खाली आणून सांगतात, "सकाळधरून पोटात अन्नाचा कण नाही बाई. सून जेवायलाच घालीत नाही." आत मोरीत आजींचं ताट अजून विसळायचं पडलंय. दीड भाकरी, वांग्याचं कालवण, वर वाटीभर ताक. जेवण होऊन अर्धा तासही झालेला नाही. शेजारीण काही बोलत नाही, पण संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर होते आणि रात्री पुण्याहून नणंदेचा फोन येतो.

संगमनेरच्या जुन्या पेठेत काय, घुलेवाडीच्या नव्या वसाहतीत काय किंवा पठारावरच्या साकूर-घारगावात काय, हा प्रसंग थोड्याफार फरकाने घडत असतो. ऐकणारा त्याचे दोनच अर्थ लावतो. एक तर म्हातारी खोटं बोलते, नाही तर सून वाईट आहे. दोघीही खऱ्या असू शकतात, हे कुणाच्या मनात येत नाही. सुनेने वाढलं होतं, आजी जेवल्याही होत्या, पण त्या जेवणाची नोंद आजींच्या मेंदूत चढलीच नाही.

तलाठी कार्यालय डोळ्यांसमोर आणलं तर हे लवकर कळेल. जुने सात-बारा कपाटात नीट लावलेले आहेत, पण नवा फेरफार चढवणारा माणूसच खुर्चीवर नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला कुठल्या रस्त्यावर जात होतो, मुकादम कसा होता, सुकडी कशी लागायची, हे आजी बारकाव्यांसकट सांगतील. सकाळी घरी कोण येऊन गेलं ते मात्र सांगता येणार नाही. मेंदूत दोन्ही कानशिलांच्या आतल्या अंगाला हिप्पोकॅम्पस नावाचा छोटासा भाग असतो आणि ताज्या अनुभवांची नोंद चढवणं हे त्याचं काम. अल्झायमरची पडझड बहुतेकांच्या बाबतीत या भागात आणि त्याच्या आसपास सुरू होते. मेंदूतल्या पेशींच्या बाहेर अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात, पेशींच्या आत टाऊ नावाच्या प्रथिनाची गुंतवळ होते, पेशींमधला संपर्क तुटत जातो आणि शेवटी त्या मरतात. ही साचण्याची क्रिया लक्षणं दिसायच्या १५-२० वर्षं आधीपासून चालू असते. सत्तरीत दिसणारा आजार पन्नाशीतच आत शिरलेला असतो, घरात कुणाला पत्ता नसताना.

आपल्या भाषेने या सगळ्याची सोय फार पूर्वीच करून ठेवली आहे. साठी बुद्धी नाठी. त्याहून बोचरा शब्द म्हातारचळ. शब्द तयार असला की शोध थांबतो. "वय झालं, आता असंच चालायचं" म्हणून दोन-तीन वर्षं निघून जातात आणि दवाखाना गाठला जातो तो आजी रात्रीच्या घराबाहेर पडल्यावर किंवा गॅस उघडा राहिल्यावर. साठीनंतर बुद्धी नासतेच असं असतं तर ऐंशीव्या वर्षी सोसायटीच्या कर्जाचं व्याज तोंडी काढणारे आजोबा गावोगाव सापडले नसते. वयाने नाव आठवायला वेळ लागतो, चष्मा सापडत नाही, बाजारातून साखर आणायची राहते. हे चालतं. पण चाळीस वर्षं पुरणपोळी करणारी बाई एके दिवशी पुरण शिजवून पुढे काय करायचं ते सुचेना म्हणून पातेल्यापुढे उभी राहते, भाजीवाल्याशी पैशाचा हिशेब रोजच चुकू लागतो, पायाखालची वाट परकी वाटते, तोच प्रश्न दहा मिनिटांत सहा वेळा येतो, तेव्हा वयाकडे बोट दाखवून भागत नाही.

दुसरी समजूत याहून घातक आहे. पोरं बघत नाहीत, जीव लावत नाहीत, म्हणून म्हातारं माणूस असं झालं, ही. ती फक्त आपल्याकडची नाही. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी याच विषयावर लोकांशी बोलून केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथेही लोकांना लक्षणं ओळखीची होती, पण तो आजार वाटत नव्हता. काहींना ते म्हातारपण वाटत होतं आणि काहींना मुलांनी केलेल्या हेळसांडीचं फळ. म्हणजे जो रात्रंदिवस करतो त्याच्याच माथी आजाराचं कारण मारायचं. आणि करणारा म्हणजे आपल्याकडे बहुतेक घरांत करणारी.

आजींच्या आरोपांचं आश्चर्य वाटायचं खरं तर कारण नाही. या आजाराला ज्यांचं नाव मिळालं ते जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांच्याकडे १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या रुग्णालयात एक बाई दाखल झाल्या. ऑगुस्टे डेटर, वय ५१, म्हणजे साठीच्या कितीतरी अलीकडे. त्यांच्या बाबतीत पहिलं ठळक लक्षण नोंदलं गेलं ते नवऱ्यावरच्या संशयाचं. विसरणं वाढलं ते त्यानंतर. रेल्वेत कारकून असलेल्या नवऱ्याने जमेल तितके दिवस घरी सांभाळलं, मग हात टेकले. १९०६ मध्ये त्या वारल्या. अल्झायमर यांनी मेंदूची तपासणी केली, थर आणि गुंतवळ दोन्ही सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ट्युबिंगेनच्या सभेत ते मांडलं. १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात आजाराला अल्झायमरचं नाव दिलं. तेव्हा "माझी पाटली सुनेने लांबवली" हे वाक्य आजींच्या स्वभावातून आलेलं नसतं. पाटली त्यांनीच गोधडीत गुंडाळून ठेवली, ठेवल्याची नोंद नाही, पाटली तर दिसत नाही. रिकाम्या जागेत मेंदू स्वतःच गोष्ट रचतो, आणि घरात समोर सतत दिसणारं माणूस एकच असतं.

आता नणंदेचा फोन. "आई माझ्याशी किती छान बोलते! तुम्हीच वाढवून सांगता." यातही लबाडी कुणाची नाही. पाच मिनिटांच्या फोनला लागतं काय? पावसापाण्याची चौकशी, नातवंडांना आशीर्वाद, "जेवलीस का, ये की एकदा." ही वाक्यं सत्तर वर्षांत इतकी घोटलेली असतात की आजाराच्या मधल्या टप्प्यातही ती सफाईने येतात. पाहुण्यांसमोर, डॉक्टरांसमोरही आजी सावरून बसतात. बाकीच्या तेवीस तास पंचावन्न मिनिटांचा साक्षीदार एकटी सून असते आणि तिची साक्ष कुणी धरत नाही. म्हणून दवाखान्यात जाताना तिने एका वहीत महिनाभराच्या चार-चार ओळी लिहून न्याव्यात. काय घडलं, किती वाजता, किती वेळा. डॉक्टरांना त्या वहीचा उपयोग कधीकधी एमआरआयपेक्षा जास्त होतो.

हा आजार आपल्याकडे किती? साठीपुढच्या भारतीयांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असा अंदाज देशभर घरोघरी जाऊन केलेल्या पाहणीतून २०२३ मध्ये पुढे आला. बायकांत जास्त, आणि शहरापेक्षा खेड्यांत जास्त. "हे शहरातल्या लोकांचे आजार" असं म्हणणाऱ्यांनी हे शेवटचं पुन्हा वाचावं. संगमनेर तालुक्याची लोकसंख्या पाच लाख आणि दहातला एक साठीपुढचा धरला, तर या हिशेबाने साडेतीन हजारांवर घरं निघतात. हा आपला बोटांवरचा हिशेब आहे, मोजणी कुणी केलेली नाही. यातली सगळी अल्झायमरची नसतील. स्मृतिभ्रंश ही लक्षणांच्या समूहाची ओळख आहे आणि अल्झायमर हे त्याचं सगळ्यात मोठं कारण. रक्तदाब वर्षानुवर्षं मोकाट राहून मेंदूच्या छोट्या रक्तवाहिन्या बंद पडत गेल्या तरी असंच होतं.

आणि काही वेळा कारण साधं निघतं. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइड मंदावणं, रक्तातलं सोडियम घसरणं, झोपेच्या गोळ्या, खोल नैराश्य. महिन्यापूर्वी मोरीत घसरून डोक्याला लागलं होतं आणि आत हळूहळू रक्त साकळत होतं, असंही असतं. म्हाताऱ्या माणसाला लघवीचा साधा जंतुसंसर्ग झाला तरी दोन दिवसांत ते बरळू लागतं. यातलं बरंचसं वेळेत कळलं तर सुधारतं. म्हणून आधी आपले नेहमीचे डॉक्टर, रक्ताच्या तपासण्या, लागलं तर मेंदूचं स्कॅन. शेजारच्या राहाता तालुक्यात लोणीला प्रवरा वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, पुढे नाशिक-पुणे आहेच. "म्हातारपणी कशाला एवढं" या वाक्यापायी बरा होणारा माणूस घरात तसाच बसून राहतो.

अल्झायमर निघाला तर मात्र गोड बोलण्यात अर्थ नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमँटिन ही औषधं काहींना काही काळ उतारावर ब्रेक लावून देतात, गाडी वळवत नाहीत. २०२३ आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेली लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब अमायलॉइड साफ करतात, पण अगदी सुरुवातीच्या टप्प्यातच, शिरेतून, वारंवार एमआरआय करत आणि मेंदूला सूज किंवा रक्तस्राव होण्याचा धोका पत्करून. घसरण त्याने मंदावते, थांबत नाही. बदाम खाऊ घालावेत, चांगलेच असतात. त्यांच्यावर भरवसा ठेवून बसू नये इतकंच. निदानानंतर माणूस साधारण चार ते आठ वर्षं जगतो, काही जण वीसही. इतकी वर्षं जो उपचार चालतो तो घरात, आणि तो गोळीचा नसतो.

तो कसा असतो? ओट्यावरच्या प्रसंगाकडे परत जाऊ. "आत्या, आत्ताच तर जेवलात की!" हे उत्तर खरं आहे आणि निरुपयोगी आहे. आजींच्या दृष्टीने सून आता खोटंही बोलू लागली. वाद जिंकायला लागणारी आठवणच जिथे नाही तिथे वाद घालायचा कशाच्या जोरावर? त्याऐवजी: "भाकर टाकतेच आहे आत्या, तोवर एवढ्या शेंगा सोलून देता का?" शेंगा सोलल्या जातात, दोन तोंडात जातात, भूक आणि तक्रार दोन्ही बहुतेक वेळा विरतात. नाहीच विरल्या तर थोडं ताक, अर्धी भाकरी. हे फसवणं आहे का, असं मन खातं. मला ते पटत नाही. आजींच्या जगात दुपार झाली आहे आणि जेवण व्हायचंय. त्या जगात जाऊन त्यांच्याशी बोलणं याला मी तरी खोटं म्हणणार नाही.

"ओळखलंत का मला?" ही परीक्षा पाहुण्यांनी पहिल्यांदा बंद करावी. नापास झालेल्या माणसाला आपण नापास झालो एवढं नेमकं कळतं. त्यापेक्षा "आत्या, मी तुमची भाची, साकूरची" असं आपणच सांगावं. तारीख-वार विचारू नये, रथाचं विचारावं. १९२९ साली इंग्रज सरकारने बंदी घातली तरी संगमनेरच्या बायकांनी हनुमान जयंतीला मारुतीचा रथ ओढून नेला आणि तेव्हापासून रथाच्या दोराला आधी हात लावायचा मान बायकांचा. या गावात वाढलेल्या आजींकडे त्या दोराची, गर्दीची, तापलेल्या उन्हाची काही ना काही गोष्ट असतेच, आणि ती जुन्या कपाटात आहे.

हातांचं तर कपाटच वेगळं. नावं-प्रसंग ठेवणारा मेंदूचा भाग एक आणि हातवळणाची कामं ठेवणारा दुसरा. तो या आजारात बराच उशिरापर्यंत टिकतो. संगमनेर हे बिडी वळणाऱ्या बायकांचं गाव. मांडीवर सूप घेऊन, पान कातरून, तंबाखू भरून हजारी पुरी करण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांची बोटं नातवाचं नाव गेल्यावरही मोकळी बसली की आपोआप वळण घेतात. घरची माणसं त्याला चाळा म्हणतात आणि हात धरून ठेवतात. धरू नयेत. कापूस द्यावा, वाती वळतील. लसूण सोलायला द्यावा, धुतलेले कपडे घड्या घालायला द्यावेत, घडी वाकडी आली तर त्यांच्यासमोर पुन्हा घालू नये.

सगळ्यात अवघड वेळ संध्याकाळची. जगभरच्या डॉक्टरांनी नोंदवलंय की दिवस कलला की या रुग्णांची घालमेल वाढते. मराठीला त्यासाठी नवा शब्द पाडायची गरज नाही, कातरवेळ आहे. दिवेलागणीला आजी पदर सावरून उठतात. "चला, मला घरी जायचंय." स्वतःच्या घरात बसून! घर म्हणजे कधी लहानपणीचं माहेर असतं, कधी नुसती सुरक्षित वाटण्याची जागा. "हेच तुमचं घर" म्हणून हात ओढला तर मारामारी ठरलेली. दिवे जरा आधी लावावेत, दूरदर्शनचा आवाज कमी करावा, चहा द्यावा, आणि तरी निघाल्याच तर चप्पल घालून बरोबर चालू लागावं. चौकापर्यंत जाऊन परत वळलं की बहुतेक वेळा घर "सापडतं". सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' चित्रपटात मोहन आगाशे यांनी रंगवलेले संस्कृतचे विद्वान असेच रस्त्यावरच्या हत्तीमागे निघून जातात. आगाशे स्वतः मानसोपचारतज्ज्ञ, त्यामुळे त्या डोळ्यांतलं हरवलेपण अभिनयाच्या पलीकडचं वाटतं. आणि हरवलेल्या शास्त्रीबुवांना माहुताची बायको लेकराप्रमाणे जवळ करते, ते कोण-कुठले हे न विचारता. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटातला हत्ती संथ चालतो. आपल्याकडे गावाला लागून नाशिक-पुणे महामार्ग आहे आणि खाली प्रवरा. म्हणून लुगड्याच्या काठाला, सदऱ्याच्या आतल्या खिशाला फोन नंबर शिवून टाकावा, एक ताजा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा, आणि माणूस दिसेनासं झालं की ११२ ला लगेच फोन करावा. चोवीस तास थांबायचा नियम कुठेही नाही.

एक रुक्ष गोष्ट, कारण तालुक्याच्या गावी घरं यावरूनच फुटतात. "कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय, आता काळजी नाही" असं पुष्कळ जण समजतात. भारतीय करार कायदा, १८७२, कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मनःस्थिती शाबूत राहिली नाही की ते मुखत्यारपत्रच संपतं, म्हणजे नेमकं लागेल तेव्हाच. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयापर्यंत जावं लागतं. म्हणून मृत्युपत्र, बँकेची संयुक्त खाती, वारसांची नावं हे सगळं आजाराच्या सुरुवातीला, माणसाला समजतं आहे तोवर, डॉक्टरांच्या दाखल्यासह आणि सगळ्या भावंडांसमोर करावं. नंतर म्हाताऱ्याचा अंगठा धरून उमटवलेला कागद न्यायालयात टिकत नाही आणि भावकीत तर नाहीच.

प्रतिबंधाचं थोडक्यात सांगतो. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०२४ च्या अहवालात टाळता येण्याजोगी १४ कारणं दिली आहेत आणि ती सगळी टाळता आली तर ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकेल असा हिशेब मांडला आहे. रक्तदाब, साखर, विडी-सिगारेट, दारू ही नेहमीची मंडळी त्यात आहेतच. पण कमी ऐकू येणं, कमी दिसणं आणि एकटेपण हीही आहेत, आणि ती आपण सोडून देतो. कानाचं यंत्र लावायला लाज, मोतीबिंदू "पुढच्या उन्हाळ्यात बघू". आणि शिक्षण. पोरींना शाळेतून काढलेल्या पिढीच्या मेंदूला त्याची किंमत सत्तरीत मोजावी लागते.

करणाऱ्याचं काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची ७० टक्के काळजी बायका घेतात. रात्री तीनदा उठणं, अंघोळीला नको म्हणून खाल्लेली चापट, ओले कपडे, गल्लीतली कुजबुज आणि त्यात कधीतरी आपण ओरडलो याची टोचणी. पाठ, झोप, रक्तदाब सगळं जातं. यावर काय करता येतं हे पुन्हा गोव्यानेच दाखवलं आहे. तिथल्या 'संगाथ' संस्थेसोबत डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिसवाडी आणि बार्देश या दोन तालुक्यांतल्या ८१ कुटुंबांवर एक प्रयोग केला आणि त्याचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. घरी जाणाऱ्या सल्लागार डॉक्टर नव्हत्या, नर्सही नव्हत्या. बारावी झालेल्या, कोकणी बोलणाऱ्या, आठवडाभर शिकवून तयार केलेल्या. पंधरवड्यातून एकदा तरी घरी जायचं, सहा महिने. आजार समजावून सांगायचा, चिडचिड आणि भटकणं कसं हाताळायचं ते दाखवायचं, घरातल्या इतरांत काम वाटून द्यायला लावायचं, मागे मानसोपचारतज्ज्ञाची देखरेख. सहा महिन्यांनी सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती लक्षणीय सुधारलेली आढळली. रुग्णांच्या वागण्यात ठाम म्हणावा असा फरक पडला नव्हता. मला या निष्कर्षाचा दुसरा भागच महत्त्वाचा वाटतो. आजी होत्या तशाच होत्या, सुनेला श्वास घेता येऊ लागला.

हे दोन तालुक्यांत झालं, तर या तालुक्यात न होण्यासारखं त्यात काही नाही. आशाताई आहेत, बचत गट आहेत, बारावी झालेल्या मुली तर गल्लीगल्लीत आहेत. तोपर्यंत दोन नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहून ठेवावेत. मानसिक आरोग्यासाठीची टेलिमानस १४४१६, रात्री-अपरात्रीही, आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांसाठीची एल्डरलाइन १४५६७. २१ सप्टेंबरच्या जागतिक अल्झायमर दिनाला लागणाऱ्या फलकांवर मेंदूचं चित्र असतं. त्याखाली हे आकडे मोठ्या अक्षरांत छापले तर फलकाचा खर्च वसूल होईल.

आणि नणंदेने फोन जरूर करावा, पण वर्षातून एकदा आठ दिवस राहायला यावं. दिवाळीत नको, तेव्हा घर भरलेलं असतं. एखाद्या साध्या आठवड्यात यावं, सुनेला माहेरी पाठवावं आणि आईजवळ झोपावं. पहिल्या दिवशी आई छानच बोलेल. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला ती ओट्यावर जाऊन शेजारणीला हाक मारेल, "बाई, लेक आलीय, पण जेवायला घालीत नाही गं."